सात स्प्रिंगा

त्याने पाचवा वॉशर कळेवर ठेवला आणि हात काढून घेतला. काही झालं नाही. सहावा ठेवल्याबरोबर कळ खाली गेली, आतली स्प्रिंग वाकली आणि खट् असा कोरडा आवाज झाला. त्याने कागदावर सहाचा आकडा लिहिला आणि वॉशर उचलून शेजारच्या कळेवर रचायला घेतले. वॉशर पितळी होते, सगळे एका वजनाचे, वडिलांच्या हत्यारपेटीतले.

टेबलावर दोन कीबोर्ड शेजारी शेजारी होते. एकाच कारखान्यातले, एकाच वर्षीचे. त्यातला एक कधीच वापरला गेला नव्हता. वडिलांनी तो तेलकागदात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता आणि जिवंत असेपर्यंत कोणाला त्याला हात लावू दिला नव्हता. दुसऱ्यावर आईने कचेरीत चोवीस वर्षं आणि निवृत्तीनंतर घरी तेरा वर्षं टायपिंग केलं होतं. दोन्ही पिवळे पडले होते. त्याने ते औषधाच्या पाण्यात बुडवून, उन्हात ठेवून पांढरे केले होते. तो पोटासाठी कवळ्या बनवायचा, त्यामुळे पिवळ्याचं पांढरं करण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

आवड नसलेल्या माणसाला हे दोन जुनाट ठोकळे वाटले असते. त्याच्या बायकोला तसेच वाटायचे आणि ती ते बोलूनही दाखवायची. त्याला मात्र त्यांच्याकडे नुसतं बघत बसायलाही आवडायचं. अक्षरं वरून छापलेली नव्हती, दुसऱ्या रंगाचं प्लास्टिक आत ओतून घडवलेली होती. कळेवरची टोपी झिजून पातळ झाली तरी अक्षर होतं तसं राहायचं. कळांच्या रांगा पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या. तळाला जाड पत्रा, त्यामुळे कितीही जोरात टाइप केलं तरी कीबोर्ड जागचा हलत नसे. आणि प्रत्येक कळेखाली स्वतःची वेगळी स्प्रिंग, जी दाबत गेलं की एका क्षणी कमरेत वाकायची. अक्षर उमटलं हे डोळ्यांआधी बोटाला कळायचं. नवे कीबोर्ड त्याला भिजलेल्या पावात बोट रुतवल्यासारखे वाटत.

रविवारी जुन्या कीबोर्डांच्या शौकिनांचा मेळावा होता. त्यात एक विभाग जोड्यांचा असे: एकाच जातीचे दोन नग शेजारी मांडायचे आणि बघणाऱ्यांनी तुलना करायची. एक अनाघ्रात आणि एक सदतीस वर्षं राबलेला, अशी जोडी आजवर कोणी आणली नव्हती. त्यावर कळस म्हणजे राबलेल्या कीबोर्डावर आई स्वतः टाइप करून दाखवणार होती. याआधी दोनदा त्याचा तिसरा नंबर आला होता आणि तो त्याच्या चांगलाच जिव्हारी लागला होता.

न वापरलेल्याच्या सगळ्या कळा सहा वॉशरना खाली गेल्या. आईच्या कीबोर्डाच्या उजव्या बाजूच्याही सहालाच गेल्या, आणि त्याला कारखान्याचं कौतुक वाटलं. मग तो डाव्या कडेला आला. पहिलीच कळ चार वॉशरना खट् करून बसली. त्याने पुन्हा मोजलं. करंगळीच्या आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या वाट्याची सहा अक्षरं आणि कोपऱ्यातली शिफ्ट, अशा सात कळा चारच्या होत्या.

त्याने मागचा पत्रा उघडला. सात स्प्रिंगा इतरांपेक्षा बारीक तारेच्या होत्या, कारखान्याच्या नव्हत्याच. कोणीतरी त्या हाताने वळल्या होत्या. त्याला रागच आला. वडील त्या कचेरीत मशीन मेकॅनिक होते आणि मूळचा भाग सोडून दुसरं काही घालणाऱ्याला ते दारात उभं करत नसत. म्हणजे ते निवृत्त झाल्यावर कोणा आगाऊ माणसाने हा उद्योग केला असणार. त्याने आपल्या साठ्यातल्या त्याच जातीच्या एका मोडक्या कीबोर्डातून मूळच्या सात स्प्रिंगा काढून तिथे बसवल्या आणि काढलेल्या सात कवळीच्या रिकाम्या डबीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी मेळाव्याचं कार्ड भरताना त्याने वळणदार अक्षरात लिहिलं: सदतीस वर्षं वापर, सर्व कळांचा भार आजही समान. कार्ड देऊन आला तेव्हा तो शीळ घालत जिना चढला.

आईची ती दोन बोटं म्हणजे घरातला इतिहास होता. तो अकरा वर्षांचा असताना कचेरीच्या लोखंडी फाटकात तिचा डावा हात सापडला. हाडं जुळली, पण करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झाली. डॉक्टरांनी फार आशा धरू नका म्हणून सांगितलं. साहेबांनी तीन महिने दिले आणि त्यानंतर वेगाची चाचणी. नापास झाली तर आवक-जावकच्या टेबलावर, जिथून कोणी परत येत नसे. वडिलांनी त्या तीन महिन्यांत तिच्याशी धड शब्द काढला नाही. ती रडायला लागली की ते एवढंच म्हणत, "काही झालेलं नाही तुझ्या बोटांना. नुसती बसून राहिलीस तर गोठणारच." तिने एक लाल रबरी चेंडू आणला आणि उठता-बसता तो दाबायला लागली. जेवताना उजव्या हाताने घास आणि डाव्या हातात चेंडू. आठवड्याआठवड्याला फरक पडत गेला. चाचणीत तिचा वेग पूर्वीपेक्षा दोनच शब्दांनी कमी भरला. ते प्रमाणपत्र अजून भिंतीवर होतं.

तेव्हापासून ती स्वतःच्या बळावर उभी राहिलेली बाई होती. इमारतीत कोणाचा गुडघा दुखो की खांदा आखडो, ती त्याच्यासमोर आपली दोन बोटं नाचवायची आणि चेंडूची गोष्ट सांगायची. गोष्टीत नवऱ्याचा उल्लेख 'तुझा बाप' असा यायचा, ऐकणारा मुलगा असो वा शेजारी. तो दगड होता, असं ती म्हणायची; दगडावर डोकं आपटून घेण्यापेक्षा मी चेंडू दाबला. कचेरीने जुनी यंत्रं मोडीत काढली तेव्हा वडिलांनी दोन कीबोर्ड घरी आणले होते. नवाकोरा माळ्यावर ठेवला आणि झिजलेला तिच्यापुढे आणून आपटला. हेही ती विसरली नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती सरावाला बसली. त्याने कीबोर्ड संगणकाला जोडून दिला होता. तिने चष्मा पुसला, मान ताठ केली आणि सुरुवात केली. पहिल्या ओळीलाच ती थांबली. पडद्यावरच्या शब्दाशब्दात, पडलेल्या दातांच्या फटी दिसाव्यात तशी, डाव्या कडेची अक्षरं गायब होती. तिने पुन्हा सुरुवात केली, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा बोटं कळांवर घसरली आणि तिने हात मांडीवर घेतला.

"गेली," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"बोटं गेली. परत तशीच झाली."

एकाहत्तरावं वर्ष आहे, एखादा दिवस असतो असा, हात बसेल, असं तो बरंच काही बोलला. मनात त्याला थोडी चीडही आली, कारण रविवार दोन दिवसांवर होता. आपण बसवलेल्या स्प्रिंगांचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही. त्या बरोबर होत्या, मूळच्या होत्या. दुपारी त्याने पाहिलं तर तिने कुठून तरी तो लाल चेंडू शोधून काढला होता. रबर वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. ती खिडकीशी बसून तो दाबत होती आणि तिचे ओठ आकडे मोजत हलत होते. ती जेवायला उठली नाही.

शनिवारी टोप्या उपटायला तारेचा एक हूक हवा म्हणून तो वडिलांची हत्यारपेटी उपसत होता. तळाचं वर्तमानपत्र सरकलं आणि खालून कागदाची पाकिटं निघाली. औषधाच्या पुड्या करतात तशी घडी घातलेली, चार. प्रत्येकावर वडिलांचं आखीव अक्षर आणि तारीख. पहिल्यावर होतं: डावी सात, मूळच्या, सहा. दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, मध्ये पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर. पहिल्यात कारखान्याच्या आणि बाकीच्यांत हाताने वळलेल्या बारीक तारेच्या, सात-सात स्प्रिंगा. चौथ्या पाकिटावरची तारीख चाचणीच्या चारच दिवस आधीची होती. तिथे लिहिलं होतं: पाच. जमत नाही. परत चार.

तो जमिनीवर बसला. ते तीन महिने त्याला आठवले. आई चेंडू दाबायची, आणि वडील कचेरीतून उशिरा येऊन, कोणाशी न बोलता जेवून झोपायचे. सगळे घरी गेल्यावर मागे थांबून ते तिच्या कीबोर्डात हलक्या स्प्रिंगा घालत होते आणि तिला जमेल तशा त्या जड करत होते. चारपर्यंत ती पोचली. पुढे नाही पोचली. मग त्यांनी हात थांबवला आणि बाकीच्या दोन वॉशरबद्दल जन्मात कधी तोंड उघडलं नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या जोडीला बापाचा संताप आला. एवढं करत होता तर एक गोड शब्द बोलायला काय जात होतं? बाई जन्मभर शिव्या घालत राहिली आणि हा माणूस त्या खात राहिला.

आई शेजारणीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती. त्याने सोळा स्क्रू काढले, कवळीच्या डबीतल्या सात स्प्रिंगा जागच्या जागी बसवल्या आणि पत्रा बंद केला. वॉशर ठेवून बघितले. चारला खट्. संध्याकाळी त्याने तिला पुन्हा बसायचा आग्रह केला. ती नको म्हणाली. तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं:

"काही झालेलं नाही तुझ्या बोटांना. नुसती बसून राहिलीस तर गोठणारच."

तिने झटकन वर पाहिलं. मग रागारागाने खुर्ची ओढली आणि टाइप करायला लागली. पानभर मजकुरात एक अक्षर गळलं नाही. तिचा चेहरा उजळला. पाहिलंस ना, ती म्हणाली, एका दिवसात चेंडूने परत आणली. आणि तू अगदी बापावर गेलास, तोच दगड.

त्याने ते ऐकून घेतलं. आपल्याला जमलं याचा त्याला थोडा अभिमानही वाटला. कार्डावरची ओळ मात्र तशीच होती. फोन करून ती खोडायला सांगता आली असती, पण मग कारण द्यावं लागलं असतं. परीक्षक नेहमी मधल्या रांगेतल्या तीनच कळा तपासतात, हे त्याला माहीत होतं. खरं सांगायचं तर त्याला पहिला नंबर हवा होता.

मेळावा एका वाचनालयाच्या सभागृहात होता. लांब टेबलांवर नाना तऱ्हेचे कीबोर्ड मांडले होते. काहींना खटकाच नव्हता, कळ लोण्यात सुरी जावी तशी खाली जायची. काहींत लोहचुंबक होते. एकाचा घाट इतका देखणा की त्यावर टाइप करायला कोणी धजत नव्हतं. त्याच्या जोडीपाशी गर्दी जमली ती आवाजामुळे. आई टाइप करत होती आणि खटखट सगळ्या दालनात ऐकू जात होती. कोणीतरी वेग मोजला आणि टाळ्या पडल्या. मग तिने डावा हात वर करून दोन बोटं दाखवली आणि गोष्ट सांगितली. फाटक, डॉक्टर, चेंडू. दगडावर लोक हसले.

परीक्षक एक म्हातारे घड्याळजी होते. गळ्यात कायम भिंग, म्हणून सगळे त्यांना दुर्बीण म्हणत. त्यांनी गोष्ट मन लावून ऐकली आणि कार्ड दोनदा वाचलं. इतक्या वापरानंतर सगळ्या कळा समान ही गोष्ट त्यांनी आजवर पाहिली नव्हती, म्हणून आज सगळ्याच तपासतो, असं ते कौतुकाने म्हणाले. त्याने घाईघाईने सुचवलं की वेळ फार जाईल. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि आपली वजनं काढून डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

पहिल्या दोन कळांचे आकडे त्यांनी टिपून घेतले. सात झाल्यावर ते पुढच्या रांगांत गेले, मग परत डावीकडे आले. एक टोपी उपटली आणि भिंग डोळ्याला लावलं.

"ह्या हाताने वळलेल्या आहेत," ते म्हणाले. "कोणी बसवल्या?"

"मी," तो म्हणाला. "मूळच्या गंजल्या होत्या. घरी केल्या."

"मग कार्डावर हे कशाला लिहिलंस?" त्यांनी पेनाने ती ओळ खोडली. पुन्हा भिंगातून पाहिलं. "वळल्या आहेत मात्र फार सुरेख. तुझ्या हातच्या वाटत नाहीत."

आजूबाजूचे दोघंतिघं नजर चुकवून पुढच्या टेबलाकडे सरकले. फसवणूक करणारा म्हणून आता त्याचं नाव झालं होतं, आणि ते त्याने पत्करलं. आईने काही ऐकलं नसेल तर बरं, एवढंच त्याला वाटत होतं. ती त्याच्या अगदी पाठीशी उभी होती.

"कुठल्या?" तिने विचारलं.

दुर्बीण अदबीने बाजूला झाले आणि त्यांनी एकेका कळेवर बोट ठेवून दाखवलं. ह्या सहा, आणि ही खालची. बाकी सगळ्या ठीक आहेत. तिने मान हलवली आणि आभार मानले.

परत येताना गाडीत ती बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिने चपला काढल्या आणि सरळ टेबलाशी गेली. न वापरलेल्या कीबोर्डावरचं कापड बाजूला करून डाव्या हाताची करंगळी कडेच्या कळेवर ठेवली. दाबली. बोट पांढरं पडलं, कळ अर्ध्यावर थांबली. तिने शेजारचं बोट लावून पाहिलं. मग उजव्या हाताने तीच कळ दाबली, आणि खट् आवाज आला.

"शुक्रवारी आत ह्याच होत्या?"

तो हो म्हणाला.

तिने कीबोर्डावर कापड परत घातलं. पण त्याला राहवलं नाही. एवढं कळलंच आहे तर निदान बाप दगड नव्हता हे तरी तिला कळावं, असं त्याला वाटलं. त्याने हत्यारपेटीतून चारही पाकिटं आणली आणि तारखांच्या क्रमाने तिच्यापुढे मांडली. मोठ्या आशेने तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

तिने चष्मा लावून चारही वाचली. चौथ्यापाशी तिला वेळ लागला. तिने एकदा मान वळवून भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. मग पाकिटं गोळा करून एकावर एक ठेवली.

"ह्यांनी बत्तीस वर्षं तोंड मिटून ठेवलं," ती म्हणाली. "तुला दोन दिवस जमलं नाही."

चेंडू अजून खिडकीशीच पडला होता. तिने तो उचलून त्याच्या हातात दिला आणि पाकिटं घेऊन आत गेली.